घूं न करणारा पिकअप

२ डिसेंबर, मंगळवार

कंपनीत दिवसभर पार्ट तपासतो. कुणी चूक केली की लाल शेरा मारून मोकळा होतो. गिटारच्या बाबतीत असं मोकळं होता येत नाही. रविवारच्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग काल ऐकलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. माझी गिटार गढूळ वाजते. जिथे करवतीसारखी कापायला हवी तिथे ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी वाजते. वर त्या आवाजाच्या मागे सतत एक घूंऽऽ चालू असतो, हात थांबला तरी थांबत नाही.

कुणाशी बोलावं तर घरात कुणाला यातलं कळत नाही, म्हणून ही वही. आमचा बँड ‘भट्टी’. मी गिटार, अवधूत ड्रम, आणि माझी धाकटी बहीण राजसी गाते. गाते म्हणजे गुरगुरते. आईच्या मते पोरीच्या घशात घोरपड अडकलीय. बेसवाला दुबईला गेला, त्याचा भाग लॅपटॉपवरून वाजतो.

अकरा जानेवारीला खरवईकडच्या मोकळ्या प्लॉटवर सहा बँड वाजणार आहेत, नीट कॅमेरे लावून रेकॉर्डिंग होणार आहे. फेब्रुवारीत राजसी नोकरीला बंगळूरला चालली. म्हणजे ‘भट्टी’चा हा शेवटचाच शो. आमच्याकडून जे काही चांगलं झालं, ते एकदा तरी धड रेकॉर्ड व्हायला हवं.

आमचं शेवटचं गाणं ‘वाफ’. त्याचा शेवट राजसीने काढलेला. डाव्या हातात माईक घेऊन ती अशी किंकाळी मारते की शिरगावची कुत्री उठावीत, आणि त्याच क्षणी उजव्या हाताचा पूर्ण तळवा माझ्या गिटारच्या तारांवर दाबते. सगळं बंद. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आता त्या शांततेत माझा ॲम्प घूंऽऽ करत बसला तर सगळ्यावर पाणी.

पिकअप बदलायचा. ठरलं.

६ डिसेंबर, शनिवार

हाफ डे टाकून कॅम्प चारच्या बाजारात, लेखराजभाईंच्या दुकानात गेलो. दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे, मधे यांचं स्पीकर दुरुस्तीचं आणि कॉईल गुंडाळायचं दुकान. ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प दुरुस्त करत म्हातारे झाले. माझा ट्यूबचा ॲम्पही त्यांच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाकडून घेतलेला.

पिकअप म्हणजे काय, तर चुंबकावर गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. गिटारची तार थरथरली की हा तिची वीज करून ॲम्पकडे धाडतो. लेखराजभाईंनी तीन समोर मांडले.

“पुष्कर साईं, ये अल्निको. मीठा है, लग्नात वाजव. ये सिरॅमिक, तगडा मॅग्नेट, फाड डालेगा. आणि हा बॅटरीवाला. आत नऊ व्होल्टची बॅटरी लागते. एकदम साफ, दवाखान्यासारखा.”

लग्नात वाजवायचं नाही आणि दवाखान्यात जायचं नाही, म्हणून सिरॅमिक. त्यांनी तिथेच बसवून दिला. सोल्डरिंगचा वास घेत मी स्टुलावर बसून राहिलो. लहानपणी दिवाळीत नवे कपडे शिवून मिळायची वाट बघायचो, तसाच बसलो होतो.

७ डिसेंबर, रविवार

अंबरनाथला अवधूतच्या काकांचा रिकामा गाळा आहे, तिथे प्रॅक्टिस. पहिला कॉर्ड वाजवला आणि अवधूतने काठ्याच खाली ठेवल्या. “भावा, हे काय आणलंस!” कापतो, अक्षरशः कापतो. मला रडू यायचं बाकी होतं.

पण घूंऽऽ तसाच. उलट वाढला. मी पिकअपला शिव्या घालायला लागलो तर अवधूत म्हणाला, “पिकअप कशाला बदनाम करतोस? मिक्सर आणि लॅपटॉपची अर्थिंग एक, तुझ्या ॲम्पची एक. दोघी भांडतायत. एकीला माहेरी पाठवू.” त्याने ॲम्पचा थ्री-पिन प्लग खोलला, अर्थिंगची हिरवी वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, प्लग बंद. सगळे साऊंडवाले हेच करतात म्हणे.

घूंऽऽ गेला. गेला म्हणजे गेलाच. ‘वाफ’च्या शेवटी राजसीने तारा दाबल्या आणि गाळ्यात इतकी शांतता पसरली की शेजारच्या पावडर कोटिंगवाल्यांचा पंखा ऐकू आला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो.

१० डिसेंबर, बुधवार

राजसीचं नवीन नाटक. “दादा, माईक चावतो.” शेवटी तारा दाबल्या की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात म्हणे. मी म्हटलं, एवढं गुरगुरल्यावर माईकनेही कधीतरी चावायला हवं. ती हसली, पण थोडंच.

थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, तसं काहीतरी असणार.

१४ डिसेंबर, रविवार

आज बाईसाहेबांनी उजव्या हाताला ओढणी गुंडाळून तारा दाबल्या. कापडाने तारा नीट दबत नाहीत, एक बारीक तार मागे किणकिणत राहते. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी चिडलो. “दहा दिवस मी आवाजामागे लागलोय आणि तू ओढणी काय गुंडाळतेस?”

“तुला लागत नाही ना, म्हणून सुचतंय,” म्हणाली.

मला खरंच लागत नाही. पण मी माईक धरत नाही, दोन्ही हात गिटारवर. म्हणजे दोष माईकचाच. येताना माईकला लावायचा जाड स्पंज घेतला.

१८ डिसेंबर, गुरुवार

गाळ्यात काकांचा माल आलाय, म्हणून ॲम्प घरी आणला. शेजारच्या शालनकाकूंनी भिंत ठोकली ते वेगळंच. पण खरी करमणूक पप्पांनी केली. ऑर्डनन्सच्या स्टोअर्समधून रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. राजसीने त्यांच्याकडे चुगली केलेली. त्यांनी चष्मा लावून टेस्टरचं टोक गिटारच्या तारेला टेकवलं. आतला दिवा लाल पेटला.

“हे काय?” पप्पा.

“पप्पा, या बिल्डिंगमध्ये नळाला लावलात तरी पेटेल.”

“मग नळाचंही बघायला हवं,” म्हणाले, आणि खरंच मोरीत जाऊन नळाला लावून आले. तिथे पेटला नाही. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. “पुष्कर, एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखव.”

शो झाला की दाखवतो म्हटलं. आत्ता कुणी ॲम्प उघडला आणि त्याच्या हातून काही बिघडलं, तर एवढा जमलेला आवाज कुठून आणू? पप्पांना हे समजावता येत नाही. त्यांनी आयुष्यभर माल मोजून घेतला आणि मोजून दिला.

२१ डिसेंबर, रविवार

सगळे झोपल्यावर वही उघडली.

गाळ्यात आज सकाळीच लादी धुतली होती. राजसी नेहमीसारखी अनवाणी. चपलेत तिला तोल सापडत नाही. ‘वाफ’ आज सुरेख चाललं होतं. शेवटाला मी तिला खुणावलं, ओढणी नको. तिने ओढणी खाली टाकली, किंकाळी मारली, तळवा दाबला.

आणि हात निघेना. किंकाळी संपायची ती संपेचना. तिचे डोळे माझ्याकडे होते. मला वाटलं, काय जोरात आलीय आज! मग ती मागे अवधूतच्या ड्रमवर कोसळली आणि माईक हातातून सुटला. दातांनी जीभ चावली गेली होती. मी तिला मांडीवर घेऊन बसलो, “राजू, राजू” करत राहिलो. पाणी पाजलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला हात काढायचा होता, निघत नव्हता.”

मी घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, फार घाबरलो. रिक्षात तिने माझ्याकडे बघितलं नाही. घरी आईला सांगितलं, उपास होता म्हणून चक्कर आली. उपास खराच होता.

राजसीने ठरवलंय, तो शेवट ती करणार नाही. आणि शेवट नाही तर ‘वाफ’ नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

अवधूतने माईक आणि त्याची केबल, दोन्ही फेकून नवीन आणले. केबल आत कुठेतरी तुटली असणार असं त्याचं मत. मलाही पटलं. तरी राजसीच्या समाधानासाठी कंपनीतून सुटल्यावर लेखराजभाईंकडे गेलो. त्यांनी गिटार उलटीपालटी करून बघितली.

“साईं, गिटार से करंट नहीं आता. ॲम्पची अर्थिंग बराबर आहे ना?”

“हो, आहे,” म्हटलं. आता यांना प्लगची गोष्ट सांगत बसलो असतो तर तासभर व्याख्यान झालं असतं.

ते म्हणाले, घरात बेटी डरती है तो बॅटरीवाला टाक. या साध्या पिकअपात एक वायर गिटारच्या तारांना जोडावी लागते, म्हणजे तारा आणि ॲम्पची बॉडी एकच होते. वायर नसली तर घूंऽऽ होतो. बॅटरीवाल्याला ती वायर लागतच नाही. तारा सगळ्यापासून सुट्या. त्यांनी कटरने ती वायर कापली आणि बॅटरीवाला बसवला. सिरॅमिक मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी होती, गाळ्यात जमलो. आधी राजसीने एका बोटाने तारेला शिवलं, तापलेल्या तव्याला शिवतात तसं. मग दोन बोटांनी. मग माईक धरून पूर्ण तळवा. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. मग तिने पूर्ण ‘वाफ’ गायलं, आणि शेवटानंतर माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. “आता कसं! मी उगाच सांगत नव्हते.”

बरं वाटलं. पोरगी पुन्हा हसायला लागली. नव्या केबलने काम केलं. अवधूतला वडापाव माझ्याकडून.

३१ डिसेंबर, बुधवार

सगळे बाहेर गेलेत आणि मी हेडफोन लावून बसलोय. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. २१ तारखेचं ‘वाफ’ माझ्या फोनवर रेकॉर्ड झालंय. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला, बंद केलं. मग पुन्हा ऐकलं. आता रोज ऐकतो.

त्यातली गिटार! सिरॅमिकची ती धार, आणि त्यावर राजसीची ती किंकाळी. तशी ती आधी कधी ओरडली नाही आणि नंतरही नाही. वाईट वाटतं, पण खरं आहे. त्यानंतरचं बॅटरीवाल्याचं रेकॉर्डिंग लावलं तर फ्रीजमधला भात खाल्ल्यासारखं वाटतं. सगळं आहे, चव नाही.

४ जानेवारी, रविवार

दुसऱ्या बँडचा सोहम गाळ्यावर ऐकायला आलेला. ऐकून म्हणाला, “टाइट आहे यार. साफ एकदम. पण कुणाचाही वाटतो.” कुणाचाही! मी हसून चहा पाजला आणि घरी येईपर्यंत मनात त्याचा गळा दाबत होतो.

राजसी मात्र खूश. शेवटाला आता डोळे मिटून तारा दाबते. बंगळूरला गेल्यावर हाच व्हिडिओ सगळ्यांना दाखवणार म्हणे, हा माझा दादा म्हणून. मग दादाचा आवाज कुणाचाही असून कसा चालेल?

८ जानेवारी, गुरुवार

केलं. लेखराजभाईंकडे जाऊन सिरॅमिक परत बसवून घेतला.

“बेटीला विचारलं?” त्यांनी विचारलं.

“तीच म्हणाली,” असं तोंडून निघून गेलं. कसं निघालं कोण जाणे. त्यांनी वायरचा नवा तुकडा घेतला, एक टोक पिकअपकडे, एक तारांच्या पट्टीखाली, नीट सोल्डर केलं, ओढून बघितलं. “पक्का,” म्हणाले.

राजसीला सांगणार नाही. सांगितलं की पुन्हा ओढणी, पुन्हा मुंग्या, पुन्हा पप्पांचा टेस्टर. दोष केबलमध्ये होता आणि केबल बदलली आहे. जी भीती मिटली ती कशाला उकरून काढायची?

१० जानेवारी, शनिवार

शेवटची प्रॅक्टिस. राजसीचा घसा उद्यासाठी राखायचा म्हणून ती नुसती खुर्चीत बसून ओठ हलवत होती, मधाचं पाणी पीत. ‘वाफ’च्या शेवटाला मी स्वतःच तारा दाबल्या. शांतता जशीच्या तशी. अवधूतला फरक लगेच कळला. त्याने डोळा मारला, मी तोंडावर बोट ठेवलं. राजसीला एवढंच जाणवलं की आज मी चांगला वाजवतोय. तसं म्हणालीही.

ॲम्प तासाभरात तापला, वार्निश जळाल्यासारखा वास आला. उचलताना मागच्या पत्र्याला कोपर लागलं तर खांद्यापर्यंत झणका गेला. अवधूत म्हणाला, जुनी ट्यूब आहे, तापणारच. माझं कोपराचं हाडच आपटलं असणार, त्याने असं होतंच.

रात्री जेवताना पप्पांनी विचारलं, “इलेक्ट्रिशियनचं काय झालं?” राजसीनेच उत्तर दिलं, “पप्पा, तो प्रॉब्लेम दादाने सोडवला.” पप्पांनी मान हलवली आणि ताटात ताक वाढून घेतलं. मला क्षणभर काहीतरी बोलावंसं वाटलं. पण आई उद्या कुठली साडी नेसू म्हणून विचारायला लागली, आणि राहिलं.

११ जानेवारी, रविवार, खरवई

टेम्पोच्या मागे बसून लिहितोय. पाचवा नंबर आमचा, चौथा बँड चढलाय. उन्हं उतरलीत. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त आहे. आईपप्पा दुसऱ्या रांगेत बसलेत, आईने कानात कापूस घातलाय, पण अबोली साडी नेसून आलीय.

दुपारी प्लॉटवर इतकी धूळ उडाली की आयोजकांनी टँकर बोलावून सगळीकडे पाणी मारलं. स्टेज म्हणजे जमिनीवरच अंथरलेलं हिरवं कार्पेट, तेही भिजून चिंब झालंय. पाय ठेवला की पाणी वर येतं. धूळ मात्र बसली. कॅमेरेवाले खूश आहेत.

साऊंडवाला पोरगा वायरी तपासत आला होता. माझा प्लग हातात घेऊन म्हणाला, “दादा, इथे दोन-तीन ॲम्पला घूंऽऽ येतोय, तुमच्याला पण येईल.” म्हटलं, आमच्याला येणार नाही, लावून बघ. त्याने लावला. अजिबात आवाज नाही. “भारी,” म्हणाला आणि पुढे गेला. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

तारा चढवल्या, ॲम्पला जोडून सूर लावून ठेवले. तेव्हा बोटांना बारीक गुदगुल्या झाल्या. इतक्या लोकांसमोर आधी कधी वाजवलं नाही, धाकधूक असणारच.

राजसी आत्ता इथे येऊन गेली. काळा टी-शर्ट, केस मोकळे, घशावर आईने लावलेलं विक्स. हवेत हात करून शेवटाची तालीम करत होती. डावी मूठ ओठांशी, उजवा तळवा खाली.

“दादा, फेब्रुवारीनंतर कुठे आपण एकत्र वाजवणार?”

“बोलावशील तेव्हा येईन बंगळूरला,” म्हटलं. तिचे डोळे भरले, माझेही. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही, म्हणून दोघंही लगेच दुसरीकडे बघायला लागलो.

मग तिने विचारलं, “चावणार नाही ना? तू बघितलंयस ना सगळं?”

“बघितलंय,” म्हणालो.

“मग पूर्ण तळवा?”

“पूर्ण तळवा. आणि घाबरून लगेच उचलू नकोस. मी मान हलवेपर्यंत धरून ठेव.”

“बरं,” म्हणाली. चपला काढून माझ्या बॅगेशेजारी नीट जोडून ठेवल्या आणि ओल्या गवतातून स्टेजकडे गेली. चौथा बँड उतरतोय. अवधूत हाक मारतोय.